'प्रिन्सेस कागुया' सात वर्षांच्या मुलीला दाखवावा का?

बोरकूट

मंडळी, एक सल्ला हवाय. आमच्याकडे शनिवारी रात्री जेवणं आटोपली, ओटा आवरला की सगळ्यांनी मिळून सिनेमा बघायचा असा शिरस्ता पडलाय. लेक सात वर्षांची, दुसरीत. तोतोरो आणि पोन्यो हे जपानी कार्टून सिनेमे तिला तोंडपाठ आहेत. आता मी 'द टेल ऑफ द प्रिन्सेस कागुया' काढून ठेवलाय. जपानी परीकथेवरचा, इसाओ ताकाहाताचा, २०१३ चा. इकडेतिकडे थोडा चाळून बघितला. चित्रं बघूनच गार पडलो.

घोडं अडलंय ते बायकोपाशी. ताकाहाता म्हणजे 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज'वाला ना, मग नको, असं तिचं रोखठोक मत. तो सिनेमा आम्ही लग्न ठरल्यावर एकत्र पाहिला होता आणि नंतर हॉटेलात समोरासमोर बसून दोघांच्याही घशाखाली घास उतरला नव्हता. त्यात हाही शेवटी रडवतो असं तिने कुठेतरी वाचलंय.

कुणी मुलांबरोबर पाहिला असेल तर सांगा. दोन तास सतरा मिनिटं पोरगी टिकेल का? आणि मूळ गोष्ट आधी सांगून ठेवावी की कोरी पाटी बरी? शेवट फोडलात तरी चालेल. मला तो आधी कळलेला बराच.

ठेचा_भाकरी

आमच्याकडे साफ आपटला. राजकन्येचा सिनेमा म्हणून पोरं उड्या मारत बसली, अर्ध्या तासात एक झोपला आणि दुसरीने टॅब काढला. ना जादूगार, ना चेटकीण, ना लढाई. रांगणारं बाळ, बेडूक, शेत, परत बेडूक.

माझं ऐका, पहिला पाऊण तास पळवा. राजधानीत गेल्यावर गोष्टीला वेग येतो. ते पाच नवरदेव मजेशीर आहेत. आणि सम्राटाची हनुवटी! कपबशी ठेवता येईल तिच्यावर.

शेवंती

ठेचा_भाकरी, बेडकांवर एवढा राग नको. बोरकूट, पहिला पाऊण तास पळवणार असाल तर सिनेमा लावूच नका, दुसरं काहीतरी बघा. का ते सांगते, जरा लांबेल.

मी पुण्यात जपानी शिकवते. संध्याकाळच्या बॅचला बहुतेक आयटीवाले, कंपनीतून थेट आलेले, डोळ्यांवर झापड. व्याकरण डोक्यावरून जायला लागलं की मी हीच गोष्ट काढते. मूळ पुस्तक 'ताकेतोरी मोनोगातारी', साधारण दहाव्या शतकाच्या आसपासचं, लेखक अज्ञात. अकराव्या शतकाच्या सुरुवातीच्या 'गेंजी' या जपानी कादंबरीमध्ये हिला सगळ्या कथांची आद्य कथा म्हटलंय, इतकी ती तेव्हाही जुनी वाटत होती.

बांबू तोडणाऱ्या म्हाताऱ्याला एका चमकणाऱ्या बांबूत वीतभरही नसलेली मुलगी सापडते. तीन महिन्यांत ती उपवर होते. म्हाताऱ्याला बांबूच्या पेरांत सोनं सापडत राहतं. मग पाच उमराव मागणी घालतात आणि ती प्रत्येकाला एकेक अशक्य वस्तू आणायला सांगते: बुद्धाचं दगडी भिक्षापात्र, होराई या कल्पित पर्वतावरच्या झाडाची रत्नांची फांदी, आगीत न जळणारं उंदराचं कातडं, ड्रॅगनच्या गळ्यातला मणी आणि पाकोळीची कवडी. यातलं भिक्षापात्र आपल्याकडचं, म्हणजे भारतातून आणायचं. उमराव भारतात निघालो म्हणून सांगतो, तीन वर्षं दडी मारतो आणि जपानातल्याच यामातो प्रांतातल्या एका डोंगरावरच्या देवळातलं काजळीने काळं पडलेलं भांडं रेशमी पिशवीत घालून आणतो. ते ज्या मूर्तीपुढे असतं तो बिंझुरु म्हणजे बुद्धाचा शिष्य पिंडोल भारद्वाज. भारतात पाऊल न टाकता बुवांनी भारद्वाजांच्या दारात चोरी केली! माझ्या वर्गात झोपलेले इथे जागे होतात.

जुन्या पुस्तकात हे पाचही जण निव्वळ प्रहसन आहेत. सम्राट मात्र बरा माणूस आहे, तिच्याशी तीन वर्षं पत्रव्यवहार करतो. आठव्या महिन्यातल्या पौर्णिमेला चंद्रावरचे लोक तिला न्यायला येतात. (ही पौर्णिमा कधी आपल्या भाद्रपदात येते, कधी थेट कोजागरीला.) जाताना ती सम्राटासाठी अमरत्वाचं औषध ठेवते. ती नसेल तर अमर होऊन करू काय, म्हणून तो ते सगळ्यात उंच डोंगरावर, फुजीवर, जाळायला लावतो. सिनेमात ते औषधही नाही आणि तो धूरही नाही. सम्राट बरा माणूस तर मुळीच नाही. न विचारता मागून येऊन मिठी मारणारा आहे, आणि त्यानंतरच गोष्ट चंद्राकडे वळते.

आता तुमच्या बायकोच्या प्रश्नाकडे येते. हा शेवट जपानात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. चित्रांच्या पुस्तकांत असतो, पुढे शाळेत या कथेची जुन्या भाषेतली सुरुवात पाठ करून घेतात. म्हणजे ताकाहाताला शेवट लपवून ठेवायची सोयच नव्हती. 'आता काय होणार' हा हुकमाचा पत्ता त्याच्या हातात नव्हता. मग त्याने काय केलं, तर ती जे सोडून जाते ते भरून काढलं. मूळ पुस्तकात तिचं बालपण दोन-चार ओळींत उरकलंय. तो गावातला मुलगा सुतेमारू, त्याच्याबरोबर शेतातून चोरून खाल्लेला चिबूड, झुडपात पकडलेला रानपक्षी, ती भावंडं, ती खेड्यातली वाडी, हे सगळं सिनेमाने घातलेलं. शेवटी चंद्रावर जाताना तिच्याकडून नेमकं हेच काढून घेतात. ते तुम्ही पळवलंत तर शेवटाला हातात उरतं काय? एक बाई ढगावर बसून गेली, एवढंच.

एक जागा मुद्दाम बघा. बाळ ओसरीवर बेडकाच्या मागे सरकतंय. बेडूक उडी मारतो तर हीसुद्धा हात टेकून अंग पुढे ढकलते, आणि पोरांच्या डोळ्यांदेखत मोठी होत जाते. कुंपणापलीकडची पोरं टाळ्या वाजवून 'बांबूचा कोंब, बांबूचा कोंब' म्हणून तिला बोलावतात. इकडून म्हातारा 'हिमे', म्हणजे राजकन्ये, म्हणून हाक मारतो. पोरांच्या हाकेला ती वळते तसा म्हाताऱ्याचा आवाज चढतो. शेवटी तो अक्षरशः ओरडायला लागतो, धावत येतो आणि तिला उचलून छातीशी धरून रडतो. बघताना आपण हसतो. पण पुढचे दीड तास जे होतं ते सगळं त्या ओरडण्यात आलंय. त्याला ती राजकन्या हवी आहे. तिला विचारलेलं नाही. सोनं मिळालं, भारी वस्त्रं मिळाली, म्हणजे देवाचीच इच्छा, असं तो धरून चालतो आणि बिऱ्हाड उचलून राजधानीत नेतो. मूळ पुस्तकातल्या म्हाताऱ्यावर असा ठपका कुणी ठेवत नाही. सिनेमात तो खलनायक नाही, लेकीवर जीव टाकणारा बाप आहे, आणि मला विचाराल तर पंचाईत तीच आहे.

मुलं टिकतात का? हा पाऊण तास मुलांसाठीच आहे. माझी भाची सहा वर्षांची असताना बेडकावर खूश होती आणि राजधानीत गेल्यावर 'आता परत घरी कधी जाणार' हे विचारत राहिली. म्हणजे तिला सिनेमा बरोबर कळला होता.

गच्चीवरचा_माळी

शेवंतीताई, छान लिहिलंत. पण मला एक कळलं नाही. चित्रं अशी अर्धवट का सोडलीत? कडेकडेने कागद कोराच, रेघा तुटलेल्या, रंग पाण्यात विरघळल्यासारखा. एका प्रसंगात तर नुसता कोळसा फासलाय. पैसे संपले की काय?

शेवंती

पैसे! अहो, सुमारे ५०० कोटी येन लागले त्याला. जपानातल्या थिएटरांतून त्यातले निम्मेच जेमतेम परत आले. कामाला आठेक वर्षं गेली. २०१३ च्या उन्हाळ्यात 'तोतोरो'वाल्या मियाझाकीच्या सिनेमाबरोबर एकाच दिवशी लावायचं ठरलं होतं, ते हुकलं आणि हा नोव्हेंबरात लागला.

ही अर्धवट दिसणारी चित्रं काढणंच महाग पडतं. नेहमीच्या पद्धतीत चित्रकार आधी पेन्सिलीने भरभर कच्चं काढतो. मग दुसरा माणूस त्यावरून एकसारखी, बंद रेघ ओढतो, आणि आत रंग भरतात. रेघ बंद असली की रंग भरायला सोपं, कॉम्प्युटरलाही सोपं. ताकाहाताला ती कच्ची रेघच पडद्यावर हवी होती. कुठे जाड, कुठे बारीक, कुठे सुटलेली. अशा रेघेत रंग भरायचा तर प्रत्येक चित्राला जास्तीचे सोपस्कार. त्यात माणसं आणि मागचं झाड एकाच हाताने, एकाच कागदावर काढल्यासारखं दिसायला हवं. माणसं ओसामु तानाबेची, देखावे काझुओ ओगाचे. ओगा म्हणजे तोतोरोतल्या त्या झाडीचा माणूस. गंमत म्हणजे ताकाहाता स्वतः चित्रकार नव्हता. त्याला फक्त काय हवंय ते पक्कं ठाऊक असायचं. बाराव्या शतकातल्या जपानी चित्रपटांवर, म्हणजे ते गुंडाळून ठेवतात ना त्या लांबच लांब कागदी पटांवर, त्याने एक पुस्तकच लिहिलंय. तिथे कोरा कागद सोडायची रीत जुनी आहे.

आणि तो कोळसा फासलेला प्रसंग! तिच्या नामकरणाची मेजवानी चाललेली असते. ती पडद्याआड, दहा वस्त्रांखाली दडपलेली. बाहेर प्यायलेले पुरुष बापाला टोमणे मारतात, पैसे फेकून मानमरातब विकत घेतलास, आता दाखव की पोरगी. तिच्या हातातला शिंपला फुटतो आणि ती सुटते. दारांमागून दारं तोडत, अंगावरची एकेक वस्त्रं टाकत. लाल घोळदार वस्त्र तेवढं मागे उडत राहतं. इतका वेळ नाजूक असलेली रेघ इथे खरखरीत होते, चेहरा चेहरा राहत नाही, रस्ता, झाडं, चंद्र सगळं खरडल्यासारखं. त्या क्षणी तिला आवरून धरणारं कुणी नाही, तर रेघेलाही नाही. नीटनेटकं काढलं असतं तर ती नुसती धावली असती.

ती गावी पोचते तर घरात दुसरेच लोक. एक कोळसे पाडणारा तिला सांगतो की झाडं तोडून झाली म्हणून ती माणसं दुसऱ्या डोंगरावर गेली, रान पुन्हा वाढलं की येतील. त्यानंतर ती निमूटपणे भुवया उपटून घेते, दात काळे करून घेते. ठेचा_भाकरींना हा भाग वेगवान वाटला, मला तो बघवत नाही.

रानजाई

मी पाहिलाय, लेकाबरोबर. तो नऊचा. मला शेवटाचा राग आला. ती रडतेय, आईबाप तिला धरून बसलेत, आणि वरून ढगावरून ते लोक येतात ते वाजतगाजत! बासरी काय, ढोलकं काय. लग्नाची वरात वाटली मला. लेक तर मान डोलवायला लागला. एवढ्या दुःखाच्या जागी असलं संगीत घालायचं काय कारण?

शेवंती

रानजाई, राग यायलाच हवा. संगीत जो हिसाइशीचं आहे. ताकाहाताने १९८४ मध्ये मियाझाकीच्या 'नाउसिका'साठी निर्माता म्हणून हिसाइशीला आणलं, पण स्वतः दिग्दर्शित केलेल्या सिनेमाला मात्र थेट इथे, शेवटच्या सिनेमाला घेतलं. (ताकाहाता २०१८ च्या एप्रिलमध्ये गेले.)

ती वरात जुन्या बौद्ध चित्रांतून उचललेली आहे. मरणाऱ्या माणसाला न्यायला अमिताभ बुद्ध ढगावरून येतो, सोबत वाद्यं वाजवणारे बोधिसत्त्व. क्योतोजवळ उजीला ब्योदोइन नावाचं मंदिर आहे, तिथला तो प्रसिद्ध मंडप १०५३ चा. त्याच्या भिंतींवर ढगांवर बसलेले बावन्न लाकडी बोधिसत्त्व आहेत. कुणाकडे वीणेसारखं काही, कुणाकडे ढोल, कुणी चक्क नाचतोय. तुकोबांना न्यायला आलेलं विमान आपण कॅलेंडरवर बघतो ना, तसंच हे. फक्त त्या चित्रात आपलं लक्ष विमानाकडे असतं. ताकाहाता कॅमेरा खाली, अंगणात, आईबापांजवळ ठेवतो.

वरून येणारे दुष्ट नाहीत. सैनिकांचे बाण त्यांना लागायच्या आधी फुलं होतात, पहारेकरी झोपी जातात, कुणाच्या अंगाला ओरखडाही येत नाही. त्यांना दुःख म्हणजे काय हेच माहीत नाही, मग ते रडकं संगीत वाजवतील कशाला? ती बोलत असते, इथलं सुख, दुःख, माणसं याबद्दल काही सांगत असते, आणि वाक्य अर्धं असतानाच तिच्या खांद्यावर ते वस्त्र टाकतात. ते वस्त्र घातलं की आठवण जाते. त्यानंतर तिचा चेहरा बघा, आणि वाद्यं मात्र वाजतच असतात. करुण व्हायोलिन लावली असती तर आपण रीतसर रडून मोकळे झालो असतो.

तुमचा लेक मान डोलवत होता त्यात वावगं काही नाही. नऊ वर्षांच्या मुलाला ते लोक जसे वाटायला हवेत तसेच वाटले.

ठेचा_भाकरी

बरं, बेडकांना एक संधी देतो. पण दोन तास सतरा मिनिटं एका बैठकीत? आमची पोरं सत्यनारायणाच्या कथेला पंधरा मिनिटं बसत नाहीत.

बोरकूट

सगळ्यांचे आभार. बायकोला अख्खा धागा वाचून दाखवला. ती म्हणाली, म्हणजे मुलीला काही होणार नाही, रडणार तू. व्हेटो मागे घेतलाय, पण अट घातलीय की आधी आपण दोघांनी बघायचा.

शेवंतीताई, दोन शेवटचे प्रश्न. मध्यंतर कुठे घ्यावं? आणि इंग्रजी आवाज लावू की जपानी? लेकीला सबटायटल अजून भराभर वाचता येत नाहीत.

शेवंती

मध्यंतर गाव सुटतं तिथे घ्या. सुतेमारूला न सांगता ते निघून जातात, बैलगाडी राजधानीत शिरते, तिथे थांबवा. उरलेला दुसऱ्या शनिवारी. एका रात्रीत संपवायची काही सक्ती नाही.

गोष्ट आधी सांगून ठेवा, शेवटासकट. जपानी मुलं तशीच बघतात. पाच वस्तूंची नावं मात्र तिला पाठ करून घेऊ द्या. खोटी वस्तू घेऊन येणारे ओळखायला तिला मजा येईल. रत्नांची फांदी घेऊन एकजण ऐटीत बसलेला असतो आणि मागून कारागीर मजुरी मागायला येतात, तिथे तर नक्कीच. सांभाळायच्या जागा सांगून ठेवते. एका उमरावाचा पडून मृत्यू होतो, दाखवत नाहीत, पण ती हादरते. सम्राटाची मिठी आहे, तिथे मुलीने विचारलं तर टाळू नका, सरळ बोला. सुरुवातीला आई बाळाला अंगावर पाजते, गावची पोरं उघडी फिरतात. आपल्याकडे त्यात विशेष काही नाही, तरी सांगितलेलं बरं.

आवाज जपानीच लावा आणि सबटायटल तुम्ही मोठ्याने मराठीत सांगा. हट्ट नाही, कारण आहे. या सिनेमात आवाज आधी रेकॉर्ड केले आणि मग त्यांवरून चेहरे काढले. म्हाताऱ्याचा आवाज ताकेओ चिई यांचा. ते जून २०१२ मध्येच वारले, सिनेमा लागायच्या दीड वर्ष आधी. ते 'हिमे' म्हणून ओरडणं त्यांचं आहे, आणि चित्रातला तो तोंडाचा चंबू त्या ओरडण्यावर बेतलेला आहे. इंग्रजी आवाज वाईट नाहीत, पण तिथे चित्राला आवाज जोडलाय.

आणखी एक, घरातल्या टीव्हीवर बघणार असाल तर सेटिंगमध्ये जाऊन हालचाल गुळगुळीत करणारा तो पर्याय आधी बंद करा. वेगवेगळ्या कंपन्या त्याला वेगवेगळी नावं देतात, चित्राच्या सेटिंगमध्येच कुठेतरी असतो. तो चालू राहिला तर टीव्ही दोन चित्रांच्या मध्ये स्वतःची चित्रं घुसडतो आणि त्या धावण्याच्या प्रसंगाचा पार चिखल होतो.